मार्गशीर्षात अर्नाळ्याच्या बेटावर

बुधवार : विरार, आगाशी, आणि पलीकडे

अर्नाळ्याचा जलदुर्ग बघायला जाणारे बहुतेक जण सकाळी जातात आणि दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवर परत येतात. दरवाज्यापुढे फोटो, तटावरून एक फेरी, संपलं. तटाबाहेर घरं आहेत, त्या घरांत माणसं राहतात आणि त्यांचं पोट समुद्रावर चालतं, हे त्यांना बोटीतून उतरता-चढताना वास येतो तेवढंच कळतं. मला तो वासच बघायचा होता. माझ्या ऑफिसातल्या एकाची मावशी बेटावर राहते. "ये की, पण बोंबलाच्या दिवसांत ये," असा तिचा निरोप दोन वर्षं येत होता. शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी नणंद निघालो. नणंद बँकेत कर्जखात्यात आहे. कुठेही गेली तरी तिला आधी आकडे दिसतात, देऊळ नंतर.

विरार पश्चिमेहून अर्नाळ्याची बस मिळते. वाटेत आगाशीला उतरून सुकेळी घेतली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची, एवढाच तो उद्योग. वसईपट्ट्यातल्या वाड्यांमधून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. चिकट, गर्द तपकिरी, गुळापेक्षा गोड. या पट्ट्यात जमिनीवर पिकतं तेही वाळवतात आणि पाण्यातून येतं तेही.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, त्यामुळे ओहोटी अशी लागली होती की बोट लांब पाण्यात उभी आणि मधे नुसता चिखल. सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन, चपला हातात धरून चढलो. बोटीत गॅसची सिलिंडरं होती, बर्फाची लादी होती, गणवेशातली मुलं होती आणि विरारचा बाजार करून परतणाऱ्या, रिकाम्या टोपल्या घेतलेल्या सात-आठ बायका. बोटवाल्याने विचारलं, "किल्ल्यावर कुणाकडे?" मावशीचं नाव सांगितल्यावर तीन बायका एकदम म्हणाल्या, "मग बसा इकडे." पाच-दहा मिनिटांत पार.

*जाणाऱ्यांसाठी : आमावास्या-पौर्णिमेच्या आसपास इथे भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि मध्यरात्री असते, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी पार गेलेलं. पुढे रोज पाऊण-एक तास वाढवत जा. भरतीच्या आसपास जाल तर कपडे वाचतील. शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारून ठेवा. बेटावर हॉटेल, लॉज काही नाही; ओळख नसेल तर मुक्काम अर्नाळ्यालाच करावा.*

मावशीचं घर उत्तरेकडच्या अंगाला. घरापुढे अंगण असं नाहीच. आहेत त्या वलांड्या. म्हणजे रोवलेले खांब, त्यांवर आडवे बांबू आणि बांबूंना ताणून बांधलेले दोर, खाली-वर, ओळीने. दोरांवर बोंबील लटकत होते. सूर्य खाली गेला होता आणि ते चंदेरी-पिवळे दिसत होते. नणंद पहिलं वाक्य बोलली ते असं : "मावशी, एका दोरावर किती बसतात?"

"मोजत बसले तर वाळत कधी घालू?" मावशी म्हणाली. मग आत जाऊन चहा घेऊन आली.

रात्री जेवायला ओल्या बोंबलाचं आंबट. "आजच खा, उद्या मिळायचं नाही," असं तिने ताट वाढतानाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता, शिवाय दत्तजयंती. आंबटाची तिची पद्धत बघून ठेवली. ठेचलेली लसूण तेलात, त्यावर घरचा मसाला आणि हळद, चिंचेचा कोळ, पाणी. उकळी फुटली की बोंबील सोडायचे आणि डाव अजिबात घालायचा नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून नुसतं हलवायचं. दोन मिनिटांत खाली. जास्त ठेवलं तर बोंबील विरघळतो आणि राहतो तो नुसता काटा. बरोबर तांदळाची भाकरी. नारळ नाही, कोकम नाही. मी दोनदा वाढून घेतलं.

गुरुवार : दोर भरताना

मावशीचा नवरा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. मौसा, त्यांचा मुलगा आणि तीन खलाशी रात्री अडीचला गेले होते. खलाशी जव्हारकडचे. या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्यांवर पालघरच्या डोंगरपट्ट्यातली आदिवासी मुलं असतात. हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतात आणि पावसाआधी भातलावणीला घरी जातात.

इथली मुख्य मासेमारी डोलीची. डोल म्हणजे भलंमोठं नळकांड्यासारखं जाळं; तोंड मोठं आणि आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठी, शेपटाकडे बारीक होत होत शेवटी इतकी बारीक की जवळासुद्धा निसटत नाही. समुद्रात ठरलेल्या जागी खुंट रोवलेले असतात, त्याला हे बांधायचं. प्रवाह तोंडातून शिरतो आणि जे काही वाहत येतं ते शेपटात साठतं. मासळीच्या मागे धावायचं नाही. पाण्यालाच ती आणायला लावायची. म्हणून सगळं वेळापत्रक भरती-ओहोटीचं. पाणी वळायच्या आधी, ते क्षणभर थांबतं तेव्हाच जाळं उचलता येतं. उधाणाला पाण्याला ओढ असते म्हणून मासळी जास्त. अष्टमीच्या आसपास भांग लागला की पाणी सुस्त आणि होड्याही सुस्त. तेव्हा जाळी शिवतात.

साडेआठला होडी दिसली. भरतीचं पाणी चढत होतं, त्यामुळे बरीच जवळ आली. टोपल्या खांद्यावरून वाळूत उतरल्या आणि ओतल्या गेल्या. बोंबील होते, मांदेली, करंदी, जवळा, थोड्या वाकट्या, दोन खेकडे, एकुलतं एक बरं पापलेट. आणि एक टोपली भरून प्लास्टिक : दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, सलाइनची नळी, एका चपलेचा अर्धा भाग. वैतरणेचं मुख समोरच आहे, वरून नदी काय आणते आणि खालून मुंबई काय पाठवते ते सगळं डोलीत अडकतं. खलाशी त्यातून मासळी वेचत होते. कुणी वैतागलेलं नव्हतं. रोजचंच.

बारीक पिल्लंही बरीच होती, हे लिहायला हवं. बोटाएवढी पापलेटं मी स्वतः बघितली. राज्य सरकारने २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला. पापलेटाला १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झालं. डोलीच्या शेपटाला हे वाचता येत नाही. मौसांना विचारलं तर म्हणाले, "मोठ्या आसाचं लावलं तर जवळा जातो. जवळा गेला तर डिझेल कशातून भरू?" दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण मला तरी ती बोटाएवढी पापलेटं बघवली नाहीत.

इथून पुढचं काम बायकांचं, आणि खरा निर्णयही इथेच होतो. मावशी मासळीजवळ उकिडवी बसली, एक बोंबील उचलला, दाबला, टाकला. मग आभाळाकडे बघितलं. मग सुनेला विचारलं, "दोर किती रिकामे?" सून म्हणाली, "मागचे सगळे." मावशी म्हणाली, "तीन टोपल्या ओल्या पाठव, बाकी सगळं वर."

नणंदेने तिला जरा वेळाने याचा उलगडा विचारला. हिशेब असा. मार्गशीर्षात गिऱ्हाईक कमी. त्यात गुरुवारी तर विरार-नालासोपाऱ्यातली अर्धी घरं मासळीला शिवत नाहीत. श्रावणात निदान होड्या नुकत्या सुटलेल्या असतात, माल बेताचा असतो. मार्गशीर्षात माल ऐन भरात आणि खाणारे उपाशी. ओला बोंबील ठेवता येत नाही. बर्फात घातला तरी दुसऱ्या दिवशी लिबलिबीत. म्हणजे मिळेल त्या भावाला विका किंवा वाळवा. पण त्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच. दहा किलो ओल्याचे सुके दीड किलोच्या आसपास होतात. ऊन चांगलं असलं तर दोन-तीन दिवस, नसलं तर चार, तोवर दोर अडकलेले. उद्या मोठी लॉट आली आणि दोर भरलेले असले तर ती मातीमोल. तेव्हा आजचा भाव, उद्याचं ऊन आणि परवाची मासळी, तिन्हींचा अंदाज एका नजरेत घ्यायचा.

"आमच्याकडे याला तीन खिडक्या आणि दोन सह्या लागतात," नणंद म्हणाली.

मग आम्हीही हात लावला. बोंबलाचा जबडा केवढा मोठा असतो आणि त्यात दात किती बारीक आणि आत वळलेले, हे ताटात कधी कळत नाही. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. एकाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचा, दात एकमेकांत रुततात, मग ती जोडी दोरावर टाकायची : एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, आकडा नाही, त्यांच्याच दातांवर ते लटकतात. मीठही लावत नाहीत. सून एका मिनिटात पंधरा-वीस जोड्या टाकत होती आणि फोनवर बोलत होती. माझ्या दहा जोड्या झाल्या तोवर बोटाची दोन टोकं सोलवटली. रात्री त्यावर हळद.

*फोटोबद्दल : विचारून काढा. कुणी नाही म्हणत नाही, पण न विचारता कॅमेरा तोंडावर धरला की बायका पाठ फिरवतात, आणि बरोबर करतात. जमिनीवर जाळी पसरून जवळा वाळत घातलेला असतो. दुरून तो वाळूसारखा दिसतो. पाय देऊ नका. लोकांच्या जेवणावरून चालल्यासारखं आहे ते.*

दुपारी बाराच्या पुढे उधाण पूर्ण चढलं. सून मला पश्चिमेच्या बाजूला घेऊन गेली. तिथे एका घराची मागची भिंत नव्हतीच. पाया उघडा, खाली दगड, आणि लाट थेट त्या दगडांवर. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी इथे वर्षानुवर्षं चालू आहे. काही ठिकाणी दगड पडलेत, काही ठिकाणी नाहीत. सुनेने समुद्रात बोट दाखवलं : "तिथे आमच्या आजेसासूच्या वलांड्या होत्या." मी बघितलं. नुसतं पाणी होतं.

परत आल्यावर मावशीला हे विचारलं. ती म्हणाली, "होडीला कर्ज मिळतं. जाळ्याला मिळतं. इंजिनाला मिळतं. दोर बांधायला जागा कोण देतो कर्जाने?"

नणंद गप्प बसली. तिच्या खात्यात अशी योजना नाही.

संध्याकाळी घरात महालक्ष्मीचा घट बसला : तांब्या, पाच पत्री, नारळ, सुनेचं मंगळसूत्र घातलेला. पोथी धाकट्या मुलीने वाचली, घाईघाईत. तिला दत्ताच्या देवळातल्या भजनाला जायचं होतं. जेवायला वालाचं बिरडं, भात, खीर. कोळीवाड्यात येऊन वाल खाणाऱ्या पाहुण्या म्हणून आम्हाला गल्लीभर हसून घेतलं. बिरडं मात्र असं होतं की बोंबलाची आठवण झाली नाही. रात्री पौर्णिमेचा चंद्र तटावर आला आणि भजनातला झांजवाला ताल सोडून वाजवत होता, तरी कुणी त्याला थांबवलं नाही.

शुक्रवार : तटाच्या आत

किल्ला बघायचा राहिलाच होता. शेजारचे एक निवृत्त गुरुजी स्वतःहून आले.

पोर्तुगीज या बेटाला 'इल्हा दास वाकास' म्हणत, गाईंचं बेट. त्यांनी इथे बांधकाम सुरू केलं होतं. मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत १७३७ साली बेट घेतलं आणि आज दिसतो तो किल्ला बांधला. पुढे दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली. वैतरणेच्या तोंडावर बसलेलं बेट हातात आलं की खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत नजरेखाली येतं. एवढं कळलं की वसईच्या आधी अर्नाळा का, हे सांगावं लागत नाही.

मुख्य दरवाजा उत्तरेला. दोन्ही अंगांना बुरूज, दगडात कोरलेले वाघ आणि हत्ती, आणि मधे शिलालेख. गुरुजींनी तो न बघता म्हणून दाखवला. पेशवे बाजीरावांनी आपल्या सरदाराला, शंकराजींना, आज्ञा केली की पाश्चात्यांना मारून समुद्राच्या उदरात जंजिरा बांधा. आणि शेवटचे शब्द, 'बांधा त्वरे जंजिरा'. ते 'त्वरे' गुरुजींनी अशा आवाजात म्हटलं की जणू काम अजून व्हायचं आहे. "आम्ही बंधाऱ्याच्या अर्जावर हेच लिहायला पाहिजे," असं वर म्हणाले.

बुरुजांपैकी एकाचं नाव भवानी, एकाचं यशवंत. तट तीस फुटांच्या आसपास उंच, वरून सलग फिरता येतं. जपून, काही ठिकाणी झाडांच्या मुळ्यांनी दगड उचललेत. उत्तरेला दातिवऱ्याचा किनारा, पूर्वेला अर्नाळ्याची सुरूची रांग, पश्चिमेला काही नाही.

तटाच्या आत मात्र मला अपेक्षा नव्हती ते दिसलं : शेती. वांगी, मिरची, पालेभाजी, कुंपणाला काटेरी फांद्या. त्र्यंबकेश्वराचं देऊळ, त्याच्यासमोर अष्टकोनी तळं, दर्गा, आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. जुन्या काळी किल्ल्यावरच्या शिपायांना ज्याची गरज होती तीच गरज आजही आहे. एक बाई कळशी भरत होती. मी पाणी मागितलं, प्यायले. किंचित मचूळ, पण गोड.

तटाच्या बाहेर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, एक एकटा गोल बुरूज उभा आहे. त्याला हनुमंत बुरूज म्हणतात. किल्ल्यापासून इतका लांब की तो किल्ल्याचा वाटतच नाही. त्याच्या सावलीत दोघं जण जाळं शिवत बसले होते. इतिहासाच्या बाबतीत त्यांना विचारलं तर म्हणाले, "इथे वारा लागत नाही." मला तो पुरेसा उपयोग वाटला.

गुरुजींना आणखी एक गोष्ट सांगायची होती. जून २०२५ मध्ये विशाखापट्टणमला नौदलात एक पाणबुडीविरोधी युद्धनौका दाखल झाली, तिचं नाव 'आयएनएस अर्नाळा'. ते या किल्ल्यावरून. उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ पाणबुड्या शोधायचं तिचं काम. सत्त्याहत्तर मीटर लांब. "नाव घेऊन गेले," ते म्हणाले, "आता जेट्टी घेऊन या म्हणावं."

*किल्ल्यासाठी दोन तास धरा. आत सावली कमी, पाणी बरोबर असू द्या. शेताच्या कुंपणावरून उड्या मारू नका. बाहेर कालिकामातेचं देऊळ आहे, तिथे थोडं बसायला बरं. किनाऱ्यावर पोहू नका. खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ वरून दिसते त्याहून फार वाईट आहे.*

दुपारी तीनच्या सुमाराला एकाएकी आभाळ भरून आलं. डिसेंबरातलं आभाळ म्हणून मी दुर्लक्ष केलं, पण गल्लीत पळापळ सुरू झाली. ताडपत्र्या निघाल्या. ज्यांच्या घरात कुणी नव्हतं त्यांच्या दोरांवर शेजाऱ्यांनी टाकल्या. जवळा तर दोघी-दोघींनी जाळ्याची टोकं धरून झोळीसारखा उचलून पडवीत आणला. अर्धा वाळलेला बोंबील भिजला की तांबूस पडतो, आळ्या धरतो, मग तो माणसांच्या पोटात जात नाही, कोंबड्यांच्या खाद्याला जातो. भाव पावाही येत नाही. शेतातलं पीक गेलं की पंचनामा होतो. दोरावरचं गेलं तर काय लिहायचं यावर तलाठी आणि मत्स्यव्यवसायवाले एकमेकांकडे बघतात, असं सून म्हणाली. चार वाजता आभाळ निवळलं. पाऊस पडलाच नाही. ताडपत्र्या परत काढल्या.

नणंदेला इथे तिचा मुद्दा सापडला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिलाय, तेव्हा शेतकऱ्यांसारख्या सवलती, कर्ज, विमा मिळायला हवं. किसान क्रेडिट कार्ड तर त्याआधीपासूनच मच्छीमारांना लागू आहे. मौसांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कार्ड आहे," ते म्हणाले. "डिझेलचा परतावा पण आहे, कागदावर. येतो तेव्हा येतो. पंपावर पैसे आजच द्यावे लागतात."

रात्री जेवताना ते मोकळे झाले. बोलण्यात राजकारण कमी आणि जागा जास्त. समुद्रातसुद्धा जागेचंच भांडण आहे. डोलीचे खुंट रोवायची जागा म्हणजे कव. दक्षिणेकडचे कव मारत मारत उत्तरेला सरकले, आणि तिथले दालदी जाळ्यांनी, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या सोडलेल्या जाळ्यांनी, पापलेट धरणारे म्हणतात, आमच्या वाटेत खुंट आले. दोन्हीकडे एकाच जातीची माणसं, सोयरिकी आहेत, तरी समुद्रात हातघाईवर आलेत. त्यात वर पर्ससीनवाले, म्हणजे अख्ख्या थव्याला जाळ्याचा वेढा घालणारे, आणि एलईडीचे दिवे लावून मारणारे मोठे. २०२१ साली कायदा बदलून दंड वाढवला खरा. "पकडायला बोट पाहिजे ना," मौसा म्हणाले. आणि वर डहाणूकडे वाढवण बंदर. त्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. बंदर लांब आहे, पण मोठ्या जहाजांचा मार्ग आखला की जाळ्यांना मनाई होणार ती कुठपर्यंत, याची धास्ती इथपर्यंत आहे.

"मुलगा काय म्हणतो?" मी विचारलं. मुलगा समोरच जेवत होता. त्याने आयटीआय केलंय, फिटर. वसईच्या एका कारखान्यात वर्षभर होता. "तिथे बारा-बारा तास राबून जे पैसे मिळायचे ते इथे चांगल्या उधाणाला दोन दिवसांत येतात," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "भांगाला येत नाहीत." सुनेने त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. आज तळलेला : दगडाखाली दाबून पाणी काढलेला, तांदळाच्या पिठात घोळवलेला, कडा कुरकुरीत.

शनिवार : बाजार

सकाळी मावशीबरोबरच निघालो. परत ओहोटी, परत चिखल. तिच्या डोक्यावर सुक्या बोंबलाची टोपली, काखेत जवळ्याची पिशवी. ती चिखलातून सरळ चालत गेली आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून.

विरारच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली आहे, सासूपासूनची. बाजूची बाई गैरहजर असली तर तिचा माल हीच विकते आणि पैसे वेगळ्या चिंधीत बांधते. मी तासभर मागे बसून बघितलं. गिऱ्हाइकाने बोंबील हातात घेतला की मावशी बोलत नाही. त्याने वास घेतला की बोलते. भाव जास्त सांगते, मग गिऱ्हाईक उठायला लागलं की किंमत कमी न करता चार बोंबील वर टाकते. "पैसे सोडायचे नाहीत, माल सोडायचा," असं तिने मला नंतर सांगितलं. नणंदेने हे वहीत लिहून घेतलं.

दहाच्या सुमाराला एक व्यापारी आला. तो शेकड्याने उचलतो. त्याने मावशीच्या निम्म्या भावाने मागितला, मावशीने नाही म्हटलं, तो पुढे गेला. अर्ध्या तासाने परत आला आणि मधल्या भावाने अर्धी टोपली गेली. दलालाला सगळा माल एकदम देणाऱ्या बायका खूप आहेत. घरात आजारपण असलं, खलाशांची उचल द्यायची असली की थांबता येत नाही. सुक्या बोंबलाचा खरा भाव मे महिन्यात येतो, लोक पावसाळ्याची बेगमी करतात तेव्हा. त्यासाठी माल पाच महिने कोरडा ठेवायला घरात जागा लागते. परत जागाच.

*सुका बोंबील घेताना : रंग फिकट पिवळसर हवा, तांबूस नको. वाकवला की कडक लागला पाहिजे. लवला तर आत ओल आहे, घरी जाऊन बुरशी धरणार. जवळा मुठीत घेऊन सोडा, तळव्याला वाळू चिकटली तर पुढच्या टोपलीकडे जा. घरी एकदा कडक ऊन दाखवून हवाबंद डब्यात ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर बेटावर वलांड्या भरलेल्या दिसतील. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा जाऊन काही दिसणार नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी गेलात तर ओली मासळी स्वस्त मिळेल, पण ज्यांच्या घरी उतराल त्यांच्याकडे शिजणार नाही.*

निघताना मी दोन किलो बोंबील घेतले. मावशीने पैसे मोजून घेतले, एक रुपया कमी केला नाही, आणि वर चार बोंबील टाकले.